खात्रीशीर, गुणकारी, पोस्टाने घरपोच



आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खालोखाल काय येत असेल, तर औषधे. मधुमेह मुळापासून घालवणारे चूर्ण, गुडघेदुखीवरचे तेल, ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात असलेले निरोप. आपण पंचेचाळिशीच्या आसपास पोचलो आहोत. साखर, प्रेशर आणि गुडघे हे आता आईवडिलांचे विषय राहिलेले नाहीत, आपले झाले आहेत. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळजण आहेत, हे मला ठाऊक होते. म्हणून मी या निरोपांचा इतिहास लिहायला घेतला. कारण ते नवे नाहीत. त्यांची वंशावळ दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या काही फांद्या आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेल्या आहेत.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या प्रणालींवर काम करते. ग्राहकांचे अभिप्राय, ‘वस्तू हातात आल्यावर पैसे द्या’ ही सोय, घरपोच पार्सल, हे माझे रोजचे शब्द. ब्रिटिश काळातल्या औषधांच्या जाहिरातींविषयी वाचू लागले तेव्हा लक्षात आले, की ही सगळी यंत्रणा व्हिक्टोरिया राणीच्या काळातच उभी राहिली होती. फक्त तेव्हा ती शाई, कागद आणि पोस्टाच्या थैलीवर चालत होती.

पेटंट, पण गुप्त

त्या काळी अशा तयार औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत. नावातच गंमत आहे. इंग्लंडच्या राजाने पूर्वी काही औषधविक्रेत्यांना सनद दिली होती, तिथून हा शब्द आला. पण पुढे या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांना कसलेही पेटंट नव्हते. ते घ्यायचे तर आत काय आहे आणि ते कसे बनवले, हे सरकारदरबारी लिहून द्यावे लागते. आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६ मध्ये आला, त्याचेही तत्त्व हेच होते: शोध उघड करा आणि बदल्यात काही वर्षांचा हक्क घ्या. औषधविक्रेत्यांना नेमके तेच नको होते. ते नाव, बाटलीचा आकार आणि सही यांवर हक्क सांगत आणि कृती मात्र तिजोरीत ठेवत.

इंग्लंडमध्ये अशा औषधांवर कर होता आणि कर भरल्याची सरकारी पट्टी प्रत्येक बाटलीवर चिकटवावी लागे. विक्रेत्यांनी तिचाही फायदा उठवला. सरकारी छाप पाहून गिऱ्हाइकाला वाटे, की सरकारनेच औषध तपासून पास केले आहे. प्रत्यक्षात सरकारने फक्त पैसे घेतलेले असत.

या धंद्याचा मोठा उस्ताद म्हणजे टॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये त्याने मलम विकायला सुरुवात केली, मग गोळ्या आल्या. १८४२ च्या सुमारास तो जाहिरातींवर वर्षाला पाच हजार पौंड खर्च करत होता. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा हा आकडा पन्नास हजारांपर्यंत गेला होता. त्याच्या औषधांची माहितीपत्रके चिनी, अरबी, तुर्की आणि हिंदुस्थानातल्या अनेक भाषांत छापली जात. पित्तापासून त्वचारोगापर्यंत सगळे त्याच गोळ्यांनी बरे होई, असा दावा असे. त्याच पैशातून त्याने लंडनजवळ स्त्रियांसाठी भव्य कॉलेज बांधले, ज्याचे उद्घाटन १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने केले. गोळ्यांच्या पैशावर मुली शिकल्या, हे वाचून मला राग धरावा की आभार मानावेत, ते कळेना.

दुसरे नाव ‘क्लोरोडाइन’. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्याने पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, हे औषध तयार केले. त्यात अफूचा मद्यार्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. जुलाब थांबत, वेदना कमी होत, झोप लागे. ज्या काळात पटकीने गावेच्या गावे रिकामी होत आणि जरीमरीच्या देवळात नवस बोलण्यापलीकडे हाती काही नसे, तेव्हा हा आराम चमत्कारासारखा वाटला असणार. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि त्यावर या बाटलीत काहीच नव्हते. उलट कित्येकांना तिची चटक लागली आणि जास्त घेऊन माणसे दगावलीही. इंग्रजांच्या घरात, सरकारी कचेऱ्यांत आणि आगबोटींवर ती अनेक दशके विकली जात राहिली.

पोंभुर्ल्याचा मुलगा आणि पोस्टाची खिडकी

हे सगळे आपल्या गावापर्यंत आले कसे? त्याला दोन रस्ते होते, वर्तमानपत्र आणि पोस्ट.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे आपल्याला शाळेत अभिमानाने सांगितले जायचे. ‘दर्पण’ ज्ञानप्रसारासाठी होते आणि १८४० मध्ये बंद पडले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके वाढली. छापखान्याचा खर्च वर्गणीवर भागत नसे. जाहिराती घेणे भाग होते आणि जाहिरातींत औषधांचा वाटा मोठा होता. ज्या पानावर देशभक्तीचा अग्रलेख, त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर शक्तिवर्धक गोळ्या, असे चित्र विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास दिसते.

जाहिरात वाचून वस्तू मागवायची सोय पोस्टाने केली. १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या पोस्टखात्याने व्हीपीपी सुरू केली. पार्सल पोस्टमन आणतो, पैसे त्याच्या हातात द्यायचे आणि ते विक्रेत्याला पोचतात. दोन वर्षांनी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून मनीऑर्डरही पोस्टातून जाऊ लागली. आज आम्ही मोठ्या थाटात ज्याला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतो, ती हीच व्हीपीपी.

कोकणाला मनीऑर्डरचा अर्थ वेगळा सांगायला नको. तेव्हा आपला मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे जिल्हा आणि आपण साधारण एकाच वयाचे. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत आणि गावाकडची चूल त्याच्या मनीऑर्डरवर. मालवण, वेंगुर्ला, देवगड या बंदरांत मुंबईची आगबोट लागायची. त्या बोटीतून चाकरमानी यायचे, त्यांच्या ट्रंका यायच्या आणि मुंबईच्या बाटल्याही यायच्या. पोस्टाच्या एकाच खिडकीतून मुंबईचे पैसे आत येत आणि औषधाच्या पार्सलापायी त्यातले थोडे परत बाहेर जात.

अशी पार्सले मागवणारे लोक भोळे होते, असे मला वाटत नाही. डॉक्टर होता कुठे? वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे दवाखान्याचे काम होते, पुढे सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमुळे ते नाव सगळ्या तळकोकणात झाले. तिथले डॉ. रॉबर्ट गोहीन यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तोच पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. पण आतल्या गावातून वेंगुर्ल्याला पोचायचे म्हणजे बैलगाडी, नाहीतर होडी, नाहीतर पायपीट, आणि पावसाळ्यात तीही बंद. अशा घरात वैदूचा झाडपाला, देवाचा अंगारा आणि वर्तमानपत्रातली जाहिरात असे तीनच पर्याय उरत. जाहिरात त्यातल्या त्यात नव्या काळाची वाटे.

त्याच पोस्टाने एक चांगले कामही केले. १८९२ मध्ये बंगालमध्ये हिवतापावरची क्विनीनची पुडी एका पैशाला पोस्टातून विकायला सुरुवात झाली आणि पुढे ही सोय इतर प्रांतांतही पसरली. पुडीत काय आहे ते सगळ्यांना माहीत, मात्रा मोजलेली, किंमत गरिबाला परवडणारी. तिच्याबद्दल मोठमोठे दावे कुणी केले नाहीत, तरी तिच्याने ताप खरोखर उतरत होता.

आपले उद्योग, आपल्या जाहिराती

विलायती बाटल्यांशी स्पर्धा करायला देशी उद्योग उभे राहिले. त्यातल्या एका नावात आपले कोकणच आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये पनवेलला आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला तो धूतपापेश्वराच्या नावाने, आणि धूतपापेश्वराचे देऊळ आहे राजापूरला. घरोघरी खलबत्त्यात कुटली जाणारी औषधे आता एका ठिकाणी बनून, बाटलीत भरून, गावोगाव जाऊ लागली.

१८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी अमृतांजन काढले. गाण्याच्या मैफलींत ते फुकट वाटून लोकांना त्याची सवय लावली, असे सांगतात. त्या पिवळ्या बामच्या नफ्यातून त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू पत्र सुरू केले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीला पैसा पुरवला. १९१० मध्ये जुगतराम वैद्यांनी मुंबईत झंडू फार्मास्युटिकल काढली. हे नाव त्यांच्या आजोबांचे, जामनगरचे प्रसिद्ध वैद्य झंडू भट. मुंबईच्या के. टी. डोंगरे कंपनीचे बालामृत आणि जामनगरच्या मणिशंकर गोविंदजींच्या आतंकनिग्रह गोळ्या यांच्या जाहिराती जुन्या अंकांत भेटतात.

हे सगळे एका मापाने मोजता येत नाही. बाम चोळल्यावर डोके खरोखर हलके वाटते, कारण मेंथॉल आणि कापूर आपले काम करतात आणि त्यांचा दावाही तेवढाच असतो. पण शेवटच्या पानावरच्या शक्तिवर्धक गोळ्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे आधी रोग विकला जाई. थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे, विसरभोळेपणा, कामात लक्ष न लागणे अशी यादी असे. यातले काहीच होत नाही असा माणूस दाखवा! यादी वाचून प्रत्येकाला वाटे, हे माझेच वर्णन आहे. मग या सगळ्याला एक नाव दिले जाई, ‘अशक्तपणा’. त्यात इंग्रज राज्यकर्ते हिंदी माणसाला दुबळा म्हणून हिणवत होतेच. ती बोच जाहिरातदारांनी अचूक पकडली. पुढे स्वदेशीचे वारे वाहू लागल्यावर ‘स्वदेशी’ हाही जाहिरातीतला शब्द झाला.

यादीनंतर येत ती प्रशस्तिपत्रे. अमुक गावचे मास्तर लिहितात, तमुक गावचे मामलेदार लिहितात. कॅनडाच्या ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स’ने तर अशा पत्रांवर जगभर धंदा केला. बरे झालेल्याचे पत्र छापले जाई. ज्याला गुण आला नाही तो पत्र लिहीत नसे, लिहिलेच तर ते कोण छापणार? आमच्या क्षेत्रात आम्ही अभिप्रायांची मोजणी करताना आधी हाच प्रश्न विचारतो: जे बोलले नाहीत, त्यांचे काय?

सहाणेवरचे आणि बाटलीतले

लहान मुलांच्या औषधांची कथा मला सगळ्यात जवळची वाटते. आपल्या घरात बाळगुटी होती. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, हिरडा, बेहडा, प्रत्येकाचे मोजून वेढे सहाणेवर उगाळायचे आणि दुधातून चाटवायचे. तिच्यासमोर आले ग्राइप वॉटर. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये ते काढले. बडीशेपेच्या जातीच्या शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मूळ कृतीत थोडा मद्यार्कही. हिंदुस्थानात ते इतके रुळले, की आपल्या लहानपणी टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीत आजी-पणजीपर्यंतच्या पिढ्या त्याचीच शिफारस करायच्या.

माझ्या आजीने मात्र ती बाटली शेवटपर्यंत मनाने स्वीकारली नाही. म्हणायची, “बाटलेत काय असा, ता कोणाक म्हायत? सानेर मी काय उगाळतंय, ता माका दिसता.” आज बालरोगतज्ज्ञ सांगतात, की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीसुद्धा नको. सहाणेवर काय आहे ते दिसते, पण ते बाळाला सोसते का, हे नुसते पाहून कळत नाही. तरीही आजीचा प्रश्न बरोबर होता आणि जगभरच्या डॉक्टरांना तो कायद्यात आणायला पन्नासएक वर्षे लागली.

तो प्रश्न किती जीवघेणा होता, हे मुंबईच्या चाळींत दिसले. गिरणीत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना खोलीवर ठेवून जात. मूल रडू नये म्हणून त्याला ‘बाळगोळी’ देत आणि त्या गोळीत अफू असे. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहणीत हा प्रकार किती सर्रास चालतो ते पुढे आले. त्या बायकांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्याकडच्याही, पुष्कळ होत्या. इंग्लंडमध्ये याच कारणाने कारखान्यातल्या आया ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित सरबत मुलांना देत असत. त्या आयांना दोष देणे मला जमत नाही. दहा-दहा तास साच्यावर उभे राहायचे आणि मूल सांभाळायला कुणी नाही, तर आई काय करणार? दोष असेल तर तो अफू घालून ते न सांगणाऱ्याचा आणि पाळणाघर न देणाऱ्याचा.

भाऊ दाजींची अर्धी राहिलेली गोष्ट

गुप्तता फक्त लबाड लोकच पाळत होते असेही नाही. आपल्या शेजारच्या पेडणे महालातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, प्राचीन लेखांचे अभ्यासक, गरिबांवर फुकट उपचार करणारे. मुंबईतल्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. १८६० च्या दशकात ते कुष्ठरोग्यांवर एका वनस्पतीच्या औषधाने उपचार करत होते. प्रयोग पुरे होईपर्यंत त्यांनी ते औषध जाहीर केले नाही आणि त्याबद्दल समकालीन डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली. पुढे त्यांना पक्षाघात झाला आणि १८७४ मध्ये, संशोधन प्रसिद्ध होण्याआधीच, ते गेले.

ते औषध कडू कवठीच्या जातीच्या बियांचे होते, असे मानले जाते. हे झाड आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचेच. याच कुळातले चौलमुगऱ्याचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ बाईने त्याचे टोचता येण्याजोगे रूप तयार केले. सल्फोन औषधे येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, कुष्ठरोग्यांना तेवढाच आधार होता. भाऊ दाजींचा हेतू पैशाचा नव्हता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी काय वापरले, किती वापरले, किती रोग्यांना गुण आला, हे लिहून प्रसिद्ध झाले असते, तर दुसऱ्या कुणाला तिथून पुढे जाता आले असते. एक चांगला डॉक्टर गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे अनुभवही गेले.

लेबलाची लढाई

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने एक साधी गोष्ट केली. बाजारातली प्रसिद्ध औषधे विकत आणून प्रयोगशाळेत तपासली आणि आत काय सापडले, त्याची किंमत किती, हे पुस्तकात छापले. ‘एका डबीची किंमत एक गिनी’ अशी शेखी मिरवणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत निघाला काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, आणि त्यासोबत सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांची डबी साडेतेरा पेन्सला विकली जाई आणि आतल्या मालाची किंमत होती अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. शंभरपटीहून जास्त! पुस्तक खूप खपले, पण अनेक वर्तमानपत्रांनी त्याची जाहिरात घ्यायला नकार दिला. औषधवाल्यांच्या जाहिरातींवरच त्यांचे पोट होते. मग ब्रिटिश पार्लमेंटने समिती नेमली. तिचा कडक अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले आणि अहवाल फायलीत गेला.

आपल्याकडे १९३० मध्ये कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनंतरही कायदा व्हायला १९४० उजाडले. त्या कायद्यातून आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांतून औषधावर घटक छापण्याची सक्ती आली. १९६४ मध्ये आयुर्वेदिक आणि युनानी औषधेही कायद्याखाली आली. जाहिरातींसाठी १९५४ मध्ये वेगळा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात चोपन्न आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, कुष्ठरोग असे ते आजार आमच्या औषधाने बरे होतात, अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. एका औषध कंपनीने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा १९५९ च्या निकालात न्यायालयाने त्यातला काही भाग रद्द केला, पण एक गोष्ट स्पष्ट केली: बंदी असलेल्या औषधाची जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे.

आज आपण औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरे न वाचताच ती फाडतो. पण ती अक्षरे तिथे यायला किती माणसे खपली आणि त्याआधी किती मुले अफूने निजली, ते आठवले की मला ती वाचावीशी वाटतात.

आता आपल्याकडे

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका काकांनी फोनवरच्या जाहिरातीतून मधुमेहाचे चूर्ण मागवले. घरपोच आले, पैसे पार्सलवाल्याच्या हातात दिले. डबीवर घटकांऐवजी ‘दुर्मिळ हिमालयीन वनस्पती’ एवढेच लिहिले होते. जाहिरातीत बऱ्या झालेल्या माणसांचे व्हिडिओ होते. काकांनी नेहमीच्या गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी पायाला लागलेली छोटी जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. काका आयुष्यभर हिशोबाचे काम केलेले, शंकेखोर, व्यवहारी गृहस्थ. त्यांना फसवायला सोपे माणूस कुणीच म्हटले नसते. ते कंटाळले होते. रोजच्या गोळ्या, रोजचे पथ्य आणि ‘हे आयुष्यभर चालणार’ हे डॉक्टरचे वाक्य. जाहिरातीने त्यांना डॉक्टर देऊ शकत नव्हता ती गोष्ट दिली, शेवटाची खात्री.

दीडशे वर्षे विकली जाणारी खरी वस्तू हीच आहे, असे मला वाटते. पटकीच्या भीतीत क्लोरोडाइनने ती विकली, अशक्तपणाच्या गोळ्यांनी विकली, आज चूर्ण विकते. प्रामाणिक डॉक्टर ‘बहुतेक’, ‘बघूया’, ‘पंधरा दिवसांनी पुन्हा या’ असे बोलतो. जाहिरात कधीच असे बोलत नाही. म्हणून ज्या औषधाच्या बोलण्यात ‘बहुतेक’ हा शब्द अजिबात नाही, त्याच्याकडे मी आता संशयाने बघते.

आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत आणि एक मैत्रीण औषधांचे दुकान चालवते. तिघेही ग्रुपवर आहेत आणि तिघेही असे निरोप आले की गप्प बसतात, कारण कुणाला दुखवायचे नसते. या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने मी त्यांना जाहीर विनंती करते: गप्प बसू नका. आणि बाकीच्यांना सांगते, की पुढे पाठवण्याआधी त्या तिघांपैकी एकाला विचारा. आत काय आहे, ते छापलेले आहे का? कुणी, किती रोग्यांवर तपासले? आणि हे घेताना आधीचे औषध बंद करायला सांगितले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो निरोप तिथेच पुसून टाका.

मेळाव्याला काका येणार नाहीत, ते आपल्या शाळेचे नव्हेत. पण त्यांनी मला हे सगळे लिहायची परवानगी दिली आहे. म्हणाले, “लिही. कोणाचा तरी पाय वाचात.”